चमचाभर भुकटीत दहा गुंठे : सच्छिद्र सिलिका कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून पाहिली आहे का कुणी?

काचपात्र
९ जानेवारी, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवते. यंदा तिसऱ्या वर्षाच्या पाच मुलींनी प्रकल्पासाठी सच्छिद्र सिलिकाचे (वाळूतलाच पदार्थ, पण आत बारीक भोकं असलेला) नॅनोकण घेतलेत. विषय मीच सुचवला. त्यातला एक आकडा पहिल्यांदा वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही: चांगल्या सच्छिद्र सिलिकाच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ हजार चौरस मीटरच्या घरात जातं. मुलींना मी ते गुंठ्यात सांगितलं. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, म्हणजे चहाच्या चमच्यात मावणाऱ्या भुकटीत दहा गुंठे. शेतकऱ्यांच्याच पोरी, एकदम सावरून बसल्या.

पद्धत अशी घेतली: २४० मिली पाण्यात अर्धा ग्रॅम सीटॅब (हा एक साबणासारखा पदार्थ), त्यात दोन मोलर कॉस्टिक सोड्याचं पावणेदोन मिली द्रावण, तापमान ८० अंश, आणि मग टीईओएस (ज्याची सिलिका होते तो द्रव) अडीच मिली, थेंब थेंब. दोन तास ढवळायचं. पांढरा साका छान पडला. गाळला, धुतला, ओव्हनमध्ये वाळवला आणि सीटॅब जाळून टाकायला मफल भट्टीत ५५० अंशांवर ठेवला.

अडचणी तीन. एक, सकाळी पाहिलं तर आदल्या दिवशी करून ठेवलेल्या सीटॅबच्या बाटलीत तळाला पांढऱ्या सुया. दोन, भट्टी तापताना सगळ्या मजल्यावर सुकटीसारखा वास. तीन, आणि ही खरी: भट्टीतून निघालेली भुकटी पाण्यात टाकली की पाच मिनिटांत तळाला बसते. नॅनोकण असते तर तरंगत राहायला हवे होते ना?

शिवाय याचा प्रत्यक्ष उपयोग कुठे होतो, हे कुणी स्वतःच्या कामातून सांगितलं तर मुलींना वाचून दाखवीन.

---

जाळीदार_अनारसा
९ जानेवारी, रात्री १०.१५

मी कॉमर्सची, पण धागा शेवटपर्यंत वाचला. भाबडा प्रश्न: एवढ्याशा कणाला भोकं पाडतात कशानं? अनारशाला जाळी पडते तशी आपोआप पडते का?

---

उत्प्रेरक
१० जानेवारी, सकाळी ७.०५

अनारसाताई, प्रश्न भाबडा नाही, सगळा विषय त्यातच आहे.

भोकं पाडत नाहीत, भोकांभोवती बांधकाम करतात. स्लॅब टाकताना आधी सेंट्रिंग लावतात, काँक्रीट ओततात, ते घट्ट झालं की सेंट्रिंग काढून घेतात. इथे सेंट्रिंग म्हणजे सीटॅब. त्याच्या रेणूला पाणी आवडणारं डोकं आणि पाण्याला टाळणारी सोळा कार्बनची शेपटी. पाण्यात पुरेसे रेणू झाले की शेपट्या आत आणि डोकी बाहेर असे पुंजके बनतात. ते लांबून नळ्यांसारखे होतात आणि मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोनी मांडणीत बसतात. टीईओएस पाण्यात फुटून त्याची सिलिका होते आणि ती या नळ्यांभोवती घट्ट होते. सीटॅब काढला की उरतं ते पोळं. अनारशाच्या जाळीत आणि यात फरक एवढाच की इथे प्रत्येक भोक जवळजवळ सारख्या मापाचं, सीटॅबच्या बाबतीत दोन-अडीच नॅनोमीटरचं (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग).

दोन ते पन्नास नॅनोमीटरच्या छिद्रांना मध्यछिद्री म्हणतात. त्याहून लहान ती सूक्ष्मछिद्रं. झिओलाइट या छिद्रमय खनिजांची असतात तशी. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं झिओलाइट उत्प्रेरकांवर फार मोठं काम केलं, तिथला एन्सिलाइट हा झिओलाइट उत्प्रेरक उद्योगात वापरात आला. माझी उमेदीची वर्षं झिओलाइटवरच गेली. १९९२ साली मोबिल कंपनीच्या संशोधकांचा एमसीएम-४१ या मध्यछिद्री सिलिकाचा शोधनिबंध आला तेव्हा आम्ही तो हातोहात फिरवला होता. झिओलाइटच्या दारातून मोठे रेणू आत जातच नाहीत, आणि इथे एकदम दार चौपट मोठं झालं होतं. जपानमध्ये वासेदा विद्यापीठात कुरोदा आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्येच जवळची गोष्ट करून दाखवली होती, तेही मुलींना सांगा. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बराहून एसबीए-१५ ही आणखी एक मध्यछिद्री सिलिका आली. त्यात सीटॅबऐवजी लांबलचक पॉलिमर वापरला, म्हणून छिद्रं पाच ते तीस नॅनोमीटरपर्यंत गेली आणि भिंतीही जाड झाल्या.

---

जाळीदार_अनारसा
१० जानेवारी, सकाळी ८.३०

सेंट्रिंग! आता कळलं. आमच्याकडे सध्या वरचा मजला चालू आहे, रोज तेच बघतेय.

---

ह्यूस्टनचा_कोल्हापूरकर
१० जानेवारी, सकाळी ९.२०

काचपात्र मॅडम, तुमच्या तिन्ही अडचणी मी भोगल्या आहेत.

सुया: थंडी. सीटॅब साधारण विशी-पंचविशीच्या खाली पाण्यातून स्फटिक होऊन बाहेर पडतो. जानेवारीत तुमच्याकडे पहाटे पारा किती उतरतो ते तुम्हाला ठाऊक. बाटली कोमट पाण्यात ठेवा, सुया विरघळतात, माल खराब झालेला नाही. पण सुया तळाला असताना वरचंच द्रावण ओतून घेतलं असेल तर सीटॅब कमी पडला.

सुकटीचा वास: सीटॅब तापला की तुटतो आणि ट्रायमिथिलअमीन सुटतं. मासळीच्या वासात तेच असतं. पुढच्या वेळी भट्टीवर एक्झॉस्ट हवाच.

तळाला बसणं: हा वाळवण्याचा आणि भट्टीचा दोष. सिलिकाच्या अंगावर हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात. दोन कण कोरडे होऊन चिकटले आणि वर ५५० अंश मिळाले की शेजाऱ्या-शेजाऱ्यांत पक्के बंध होतात. आतली छिद्रं शाबूत राहतात, पण शंभर नॅनोमीटरच्या कणांचे ढेकूळ होतात. उत्प्रेरकासाठी चालतं, पाण्यात तरंगणारे कण हवे असतील तर चालत नाही.

म्हणून भट्टी सोडा. साका ओला असतानाच मिथेनॉलमध्ये घ्या. शंभर मिली मिथेनॉलला तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल मिलीभर, ६० अंश, कंडेन्सर लावून सहा तास. गाळा आणि पुन्हा एकदा तेच करा. सीटॅब धुऊन निघतो. मधे कुठेही पूर्ण कोरडं होऊ देऊ नका, शेवटी मिथेनॉलमध्येच साठवा. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, तेव्हा उघडी ज्योत नको, हवा खेळती हवी. टीईओएस हाताळताना चष्मा सक्तीचा.

---

कॉलमवाला
१० जानेवारी, दुपारी १.४०

उपयोग विचारलात म्हणून. मी औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणीत) आहे, एकोणीस वर्षं झाली. रोज सकाळी हातात घेतो तो एचपीएलसीचा (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राचा) कॉलम सच्छिद्र सिलिकानंच भरलेला असतो. पंचवीस सेंटिमीटर लांब, आतून ४.६ मिलिमीटर रुंद स्टीलची नळी, आत पाच मायक्रॉनचे गोळे. गोळ्यांना साधारण दहा नॅनोमीटरची छिद्रं, आणि छिद्रांच्या आतल्या भिंतींवर अठरा कार्बनच्या साखळ्यांचा लेप. त्यावरून नाव सी-१८. गोळी बनवणारा जवळपास कुठलाही कारखाना या नळीशिवाय माल बाहेर सोडू शकत नाही. प्रोटीनसाठी छिद्रं मोठी लागतात, तीस नॅनोमीटरची, नाहीतर ते आत शिरतच नाही.

लेपाची गंमत सांगतो. अठरा कार्बनच्या साखळ्या दाटीवाटीनं बसतात तरी मधले काही हायड्रॉक्सिल उघडे राहतात. नायट्रोजन असलेलं अल्कधर्मी औषध त्यांना अडखळतं आणि आलेखावर त्या घटकाची जी टेकडी उमटते तिला शेपूट फुटतं. म्हणून उरलेल्या जागी लहान मिथिल गटांची डागडुजी करतात. घराला रंग दिल्यावर कोपरे ब्रशनं भरतात तसंच.

आणि सिलिका आम्लाला घाबरत नाही, अल्काला घाबरते. एका जुन्या नोकरीत एकानं सामू नऊच्या वरचं बफर कॉलममध्ये रात्रभर चालू ठेवलं. सकाळी कॉलमच्या तोंडाशी सिलिका विरघळून पोकळी झालेली. एकेक टेकडी दुभंगून आली. नवा कॉलम, आणि दोन दिवसांचं काम पुन्हा. नेहमीच्या सी-१८ ला सामू दोन ते आठ, यापलीकडे मी आजही जात नाही.

---

धानाचं_गाव
१० जानेवारी, दुपारी ३.०५

गोंदियाकडचा आहे, राइस मिल आहे घरची. टीईओएस महाग पडत असेल तर तुसाची राख वापरा की. धानाच्या वजनात पाचवा हिस्सा तूस, तुसाच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा राख, आणि राखेत नव्वद टक्क्यांच्या आसपास सिलिका. आमच्याकडे बॉयलरमध्ये जळते, मागे राखेचे डोंगर. नेणारा मिळत नाही म्हणून आमचं डोकं दुखतं.

---

उत्प्रेरक
१० जानेवारी, सायंकाळी ६.१०

गोंदियाकर, अगदी बरोबर. भात मुळांतून सिलिका ओढतो आणि तुसात साठवतो, टोचतं ते त्यामुळंच. कोकणात तुसाची राखुंडी दातांना लावायचे, तीही सिलिकाच.

पण बॉयलरची राख नको. तिथे तापमान हाताबाहेर जातं, काळा कार्बन अडकतो, आणि फार तापली की अस्फटिक (अणूंची शिस्तबद्ध मांडणी नसलेल्या) सिलिकाची स्फटिकी होते. तूस आधी पातळ आम्लात उकळून धुवा म्हणजे पोटॅशियम निघून जातं. मग सहाशे अंशांच्या आसपास जाळा, राख पांढरी शुभ्र मिळते. ती कॉस्टिकमध्ये उकळली की सोडियम सिलिकेट. तिथून पुढे टीईओएसच्या जागी हेच, आणि सामू आम्लानं उतरवायचा.

---

कॉलमवाला
१० जानेवारी, सायंकाळी ७.००

इथे मी असहमत. तुसाच्या सिलिकात लोखंड, ॲल्युमिनियमचे अंश राहतात. उत्प्रेरकाला किंवा पाणी शुद्ध करायला चालेल, पण कॉलमच्या सिलिकात धातूचे अंश म्हणजे पुन्हा टेकडीला शेपूट. पूर्वीचे कॉलम याच कारणानं त्रास द्यायचे. शुद्धतेला पैसे पडतात ते उगाच नाही.

---

उत्प्रेरक
१० जानेवारी, सायंकाळी ७.२५

मान्य. कॉलमसाठी मीही सुचवणार नाही. पाच मुलींच्या प्रकल्पासाठी सुचवतोय.

---

खाणकऱ्याचा_मुलगा
१० जानेवारी, रात्री ९.३०

सगळे उत्साहात लिहिताय, चांगलं आहे. पण सिलिका म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. माझे वडील दगडखाणीवर होते. चाळिशीत दम लागायला लागला, पन्नाशी पाहिली नाही. डॉक्टरांनी सिलिकोसिस सांगितलं तेव्हा उशीर झाला होता. आणि परवा मसाल्याच्या पाकिटावर पाहिलं तर त्यातही सिलिकॉन डायऑक्साइड! मुलींच्या हातात ही भुकटी देण्याआधी कुणी याचा विचार केलाय का?

---

ह्यूस्टनचा_कोल्हापूरकर
११ जानेवारी, सकाळी ६.४५

दादा, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, हे धाग्यात सर्वांत आधी यायला हवं होतं.

खाणीतली धूळ स्फटिकी सिलिकाची असते, क्वार्ट्झची म्हणजे गारेची. तिचा बारीक कण फुप्फुसात रुतला की विरघळत नाही, शरीर त्याच्याशी वर्षानुवर्षं झगडतं आणि त्या जागी व्रण पडत जातात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं ती पहिल्या गटात टाकली आहे, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध. अस्फटिक सिलिका तिसऱ्या गटात आहे, म्हणजे तसा निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही. ती शरीरात हळूहळू विरघळून सिलिसिक आम्ल होते आणि लघवीवाटे जाते. मसाल्यातली ई-५५१ ती हीच, गुठळ्या होऊ नयेत म्हणून. गोळ्यांच्या पट्टीवर कोलायडल सिलिकॉन डायऑक्साइड लिहिलेलं असतं, तेही तेच.

तरीही कोरडी नॅनोभुकटी नाकात जाऊ नये, ती कुठलीही असो. मुलींना मास्क हवा, वजन करताना पंखा बंद. ओल्या पद्धतीत धूळ उडतच नाही, हा तिचा आणखी एक फायदा. उत्प्रेरक सरांनी फार तापवू नका म्हटलं त्यामागेही हेच: तूस बेफाम तापवलं तर क्रिस्टोबलाइट ही स्फटिकी सिलिका होते, आणि ती तुमच्या वडिलांच्या धुळीची बहीण आहे.

---

खाणकऱ्याचा_मुलगा
११ जानेवारी, सकाळी ९.००

समजावून सांगितलंत, आभारी आहे. मुलींना मास्क नीट बसणारा द्या मॅडम. रुमाल नको. वडील रुमालच बांधायचे.

---

काचपात्र
११ जानेवारी, सकाळी ९.४०

रुमाल नाही, दादा. आजच मास्क मागवते आणि तुमचा प्रतिसाद मुलींना सगळ्यात आधी वाचून दाखवते.

---

सुमेधा_लॅब
११ जानेवारी, दुपारी २.१५

मी लॅब टेक्निशियन. २०२० च्या उन्हाळ्यापासून दीड-पावणेदोन वर्षं कोविडच्या आरटीपीसीआरचं काम केलं. नमुन्यातून आरएनए (विषाणूचा जनुकीय धागा) काढायचा तो सिलिकाच्या भरवशावर. आमच्या किटमध्ये चुंबकीय मणी असायचे, गाभा लोहाच्या ऑक्साइडचा आणि वरून सिलिकाचं आवरण.

नमुन्यात ग्वानिडीनचं तीव्र क्षारद्रावण घातलं की विषाणू फुटतो, आणि त्या क्षाराच्या गर्दीत आरएनए सिलिकाला जाऊन चिकटतो. मग नळ्या चुंबकाच्या स्टँडवर. चहाच्या रंगाचं गढूळ पाणी, बघता बघता तपकिरी मणी एका भिंतीकडे सरकतात आणि उरलेलं पाणी निवळशंख होतं. ते काढून टाकायचं, अल्कोहोलनं दोनदा धुवायचं, थोडं वाळवायचं, शेवटी शुद्ध पाणी घातलं की आरएनए सिलिकाला सोडून पाण्यात येतो. क्षारात धरतो, पाण्यात सोडतो. ही युक्ती नेदरलँड्सच्या बूम आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली, आणि आम्ही एका पाळीत शेकडो नळ्यांत तेच करत होतो. पीपीईत घामानं चष्मा धुकट व्हायचा, पण मणी भिंतीला लागलेले दिसले की जीव शांत व्हायचा. अल्कोहोल नीट उडालं नाही तर पुढची अभिक्रिया बिघडते, म्हणून ती पाच मिनिटं कुणी कितीही घाई केली तरी मी सोडली नाहीत.

त्या मण्यांना छिद्रं होती का, ते कधी विचारलं नाही.

---

ह्यूस्टनचा_कोल्हापूरकर
११ जानेवारी, रात्री ८.००

सुमेधाताई, तुमच्या कामाला सलाम. बहुतेकदा तिथे छिद्रांची गरज नसते. आरएनएची साखळी लांबलचक, अडीच नॅनोमीटरच्या भोकात ती शिरणार नाही आणि शिरली तर सुटणार नाही. बाहेरचा पृष्ठभागच पुरतो.

असा भरीव गोळा करायची पद्धत त्याहून सोपी. १९६८ मध्ये श्ट्योबर, फिंक आणि बोन यांनी मांडली: अल्कोहोल, थोडं पाणी, अमोनिया आणि टीईओएस, बस. अमोनिया आणि पाण्याचं प्रमाण बदलून ५० नॅनोमीटरपासून दोन मायक्रॉनपर्यंत हव्या त्या मापाचे गोळे. मॅडम, हा प्रयोगही करा. टीईओएस घातल्यावर काही मिनिटं काहीच होत नाही, मग द्रावणात निळसर झाक येते आणि नंतर ते दुधासारखं पांढरं होतं. निळसर असताना त्यातून दिव्याकडे पाहिलं तर दिवा नारिंगी दिसतो, मावळत्या सूर्यासारखा आणि त्याच कारणानं. सारख्या मापाचे गोळे सावकाश तळाला बसू दिले, तर वाळल्यावर रंग दिसतात. ओपल रत्नातले रंग असेच. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की ओपल म्हणजे सिलिकाच्या गोळ्यांच्या रचलेल्या राशी.

---

शंकानिरसन
११ जानेवारी, रात्री १०.१०

कॉलम ठीक, मणी ठीक. पण दर चार महिन्यांनी पेपरात बातमी असते की नॅनोकणात औषध भरून थेट कर्करोगाच्या गाठीवर सोडणार. २००१ मध्ये आयबुप्रोफेन हे वेदनाशामक सच्छिद्र सिलिकात भरून दाखवलं म्हणतात, आता पाव शतक होईल. माझ्या बहिणीला केमो चालू होती तेव्हा आम्ही डॉक्टरांना विचारलं, त्यांनी मान हलवली. रुग्णाला काय मिळालं?

---

ह्यूस्टनचा_कोल्हापूरकर
१२ जानेवारी, सकाळी ७.३०

तुमचा राग समजतो, आणि बराचसा बरोबर आहे. प्रयोगशाळेत छिद्रात औषध भरणं सोपं, तोंडाला झाकण लावून ते आम्लात उघडणारं करणंही जमतं. अडतं ते पुढे. शिरेतून दिलेले कण यकृत आणि प्लीहा उचलून घेतात, गाठीपर्यंत थोडेच पोचतात. उंदरात दिसलेला फायदा माणसात तसाच दिसत नाही.

पण सगळं थांबलेलं नाही. राइस विद्यापीठात नेओमी हॅलस यांच्या गटानं भरीव सिलिकाच्या गाभ्यावर सोन्याचा पातळ लेप दिलेले कण घडवले. लेपाची जाडी अशी ठेवायची की शरीरात बऱ्यापैकी खोल जाणारा अवरक्त प्रकाश कणानं शोषावा आणि तापावं. प्रोस्टेटच्या गाठीवर त्याची माणसांत चाचणी झाली, पहिल्या १६ रुग्णांचे निकाल २०१९ मध्ये छापून आले. यात औषध नाही, फक्त उष्णता. माझ्या मते सिलिकाचा वैद्यकात आधी उपयोग होईल तो असाच, गाभा किंवा कवच म्हणून. औषधाची पिशवी म्हणून नंतर.

बहिणीची तब्येत आता कशी आहे?

---

शंकानिरसन
१२ जानेवारी, सकाळी ८.१५

बरी आहे, दोन वर्षं झाली. सरळ उत्तराबद्दल आभार.

---

कॉलमवाला
१२ जानेवारी, दुपारी १.३०

गाभा-कवचावरून आठवलं. आता कॉलममध्येही तेच आलंय: २.७ मायक्रॉनचा गोळा, आत १.७ मायक्रॉनचा भरीव गाभा, वर अर्ध्या मायक्रॉनचं सच्छिद्र कवच. जोसेफ कर्कलँड या अमेरिकी रसायनज्ञाचा त्यात मोठा हात. रेणूला गोळ्याच्या पोटापर्यंत जाऊन परत यावं लागत नाही. पाहुण्याचं काम ओसरीवरच झालं, माजघरापर्यंत जायला नको. म्हणून टेकड्या अरुंद येतात आणि पंपावर दाबही बेताचा राहतो.

---

जाळीदार_अनारसा
१२ जानेवारी, दुपारी ४.००

वाचनखूण साठवली. काचपात्रताई, पुढे काय झालं ते लिहा बरं का.

---

उत्प्रेरक
१२ जानेवारी, सायंकाळी ५.५०

मॅडम, पृष्ठफळ मोजायचं यंत्र तुमच्याकडे नसणार. त्यात उणे १९६ अंशांवर नायट्रोजन किती चिकटतो ते मोजतात, १९३८ पासूनची बीईटी पद्धत. कॉलेजात मिथिलीन ब्लू हा निळा रंग वापरा. सिलिकाचा पृष्ठभाग ऋणभारित, रंग धनभारित, चिकटतो. आकडा अचूक येणार नाही, पण भरीव आणि सच्छिद्र यातला फरक डोळ्यांना दिसेल.

---

काचपात्र
२७ जानेवारी, रात्री ८.३०

उशीर झाला, मधे परीक्षा होत्या. सगळ्यांनी सांगितलेलं केलं.

सीटॅबची बाटली आता कोमट पाण्याच्या बादलीत असते. दुसरी बॅच ओलीच ठेवली, मिथेनॉल-आम्लात दोनदा धुतली. आमचं सेंट्रिफ्यूज चार हजार फेऱ्यांचं, प्रत्येक वेळी पाऊण तास लागला. पण भुकटीचा ढेकूळ झाला नाही. पाण्यात हलवली की पांढुरकं धुकं होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही ते तसंच होतं.

काल मिथिलीन ब्लू केला. तीन परीक्षानळ्या, तिन्हींत सारखाच फिकट निळा रंग आणि पन्नास-पन्नास मिलिग्रॅम सिलिका. पहिलीत श्ट्योबर पद्धतीचे भरीव गोळे, दुसरीत सीटॅब न काढलेली, तिसरीत धुतलेली. वीस मिनिटं हलवून सेंट्रिफ्यूज केलं. पहिलीतलं पाणी निळंच, जरा उतरलेलं. दुसरीत जवळजवळ फरक नाही. तिसरी उचलली तर वर स्वच्छ पाणी आणि तळाला निळा गोळा, गणवेशाच्या निळीसारखा. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, सेंट्रिंग काढलं म्हणूनच घरात राहायला जागा झाली." मी हा धागा त्यांना वाचून दाखवला होता ना!

आता तुसावरून करून पाहायचं आहे. टीईओएस संपत आलंय.

---

धानाचं_गाव
२७ जानेवारी, रात्री ९.१०

पत्ता खाजगी निरोपानं कळवा मॅडम. एसटीच्या पार्सलनं पोतं टाकतो.

---

काचपात्र
२७ जानेवारी, रात्री ९.२५

पोतं नको दादा, एक किलो पुरे. दोनशे ग्रॅम राख म्हणजे आमचं पुढचं वर्षही निघेल. फक्त तूस कोरडं असू द्या.